रेव्हरंड टिळक व त्यांचे परदेशी स्नेही

इ. स. १८९३ सालची गोष्ट. नागपूरहून राजनांदगांवकडे जाणाऱ्या आगगाडीच्या एका डब्यांत दोन प्रवासी समोरासमोर बसले होते. एक, तिशी नुकतीच ओलांडलेला कोंकणस्थ ब्राह्मण. संस्कृत काव्यांत रमलेला, मराठींत कविता करणारा आणि नोकरीच्या शोधांत निघालेला. दुसरा एक गोरा गृहस्थ. त्या काळीं गोऱ्या माणसाच्या डब्यांत एतद्देशीयानें शिरावयाचें म्हणजे अपमान सोसण्याची तयारी ठेवूनच शिरावें लागे. परंतु या गृहस्थानें आपल्या सहप्रवाशास आदरानें वागविलें. बोलतां बोलतां धर्माचा विषय निघाला; आणि निरोप घेतांना त्यानें नव्या कराराची एक प्रत त्या ब्राह्मणाच्या हातांत ठेवून, 'दोन वर्षांच्या आंत आपण ख्रिस्ती व्हाल' असें भाकित केलें. ब्राह्मणास तें बोलणें त्या क्षणीं अगदींच अशक्य कोटींतील वाटलें असल्यास नवल नाहीं. दोन वर्षांत तें खरें ठरलें. तो ब्राह्मण म्हणजे फुलांमुलांचे कवि म्हणून महाराष्ट्रास परिचित असलेले नारायण वामन टिळक होत.

परक्या देशांतील आणि परक्या संस्कृतींतील माणसांच्या सहवासानें मनुष्याचें आध्यात्मिक जीवन नवें होऊं शकतें काय, हा प्रश्न टिळकांच्या चरित्राच्या आधारें आज मी आपणांपुढें ठेवणार आहें. आपल्याकडे या प्रश्नाचीं दोन ठराविक उत्तरें मिळतात. मिशनऱ्यांनीं एका विद्वान ब्राह्मणास बाटविलें, हें एक. अंधारांत चांचपडणाऱ्यास पाश्चात्त्यांनीं प्रकाश दाखविला, हें दुसरें. हीं उत्तरें परस्परांच्या विरुद्ध भासतात खरीं. परंतु दोहोंतहि देणारा गोरा आणि घेणारा काळा, ही मांडणी एकच आहे. टिळक व त्यांचे परदेशी स्नेही यांच्या संबंधाचा वृत्तान्त जरा बारकाईनें पाहिला, तर ही मांडणी टिकत नाहीं. जेथें जेथें दोन्ही बाजूंनीं देणें आणि घेणें घडलें, तेथें तेथें दोन्ही बाजूंचीं मनें ताजीं झालीं. आणि जेथें एक बाजू कायमची दात्याच्या आसनावर बसली, तेथें स्नेहाचा झरा आटूं लागला, असेंच आपणांस दिसून येईल.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झाला. आई जानकीबाई काव्याची आवड असलेली व हळव्या मनाची; वडील वामनराव तापट. आई लहानपणींच अंतरली आणि त्याबरोबर घरहि सुटल्यासारखें झालें. नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं टिळक संस्कृत शिकले. पुढें विवाह झाला, संसार मांडला. परंतु एका गांवीं पाय म्हणून ठरला नाहीं. शिक्षकी केली, कीर्तन-पुराण केलें. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें संस्कृत ग्रंथांच्या कामांत कांहीं काळ घालविला. 'ऋषि' नांवाचें धर्मविषयक मासिक चालविलें. शास्त्रार्थांत त्यांची बुद्धि खेळे, पण मनाची भूक त्यानें भागत नसे. जातिभेदाचें ओझें त्यांना दिवसेंदिवस असह्य होऊं लागलें होतें, आणि एखादा नवाच धर्मपंथ काढावा, असेंहि त्यांच्या मनांत घोळत होतें. आगगाडींतील प्रवाशानें पुस्तक दिलें तें अशा मनाला. नांगरून ठेवलेल्या शेतांत बीं पडावें, तसें तें पडलें. येशूचें डोंगरावरील प्रवचन वाचूं लागल्यावर तें हातावेगळें करणें त्यांना जड गेलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. पुस्तक मिळतांच टिळक धांवत कोणा मिशनऱ्याच्या दारीं गेले नाहींत. त्यांनीं नांव लपवून ख्रिस्ती नियतकालिकाशीं पत्रव्यवहार केला, प्रश्न विचारले, उत्तरें पारखून घेतलीं. याच शोधांत त्यांचा मुंबईच्या अमेरिकन मिशनचे डॉ. जस्टिन ॲबट यांच्याशीं संबंध आला व पुढें त्याचें रूपांतर स्नेहांत झालें. ॲबट यांचे वडीलहि महाराष्ट्रांतच मिशनरी होते. त्यामुळें मराठी मुलूख त्यांना केवळ कामाचें ठिकाण वाटत नसे. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला. तो त्यांनीं आपल्या इच्छेनें ॲबटसाहेबांच्या किंवा अन्य कोणा गोऱ्या पाद्र्याच्या हातून न घेतां एका एतद्देशीय उपाध्यायाच्या हातून घेतला. आणि योगायोग असा कीं, त्या उपाध्यायांचें नांव तुकाराम होतें. रेव्हरंड तुकाराम नाथोजी हे ते गृहस्थ. परदेशी माणसाचा स्नेह आपण स्वीकारला, त्याचें स्वामित्व नव्हे, हें टिळकांनीं पहिल्याच पावलीं दाखवून दिलें.

या पावलाची किंमत मात्र त्यांच्या एकट्याच्या पदरची नव्हती. लक्ष्मीबाई त्या वेळीं माहेरच्या माणसांत होत्या. पदरीं लहान मूल होतें. पति ख्रिस्ती झाला ही बातमी म्हणजे त्या काळच्या ब्राह्मण घरांत मृत्यूच्या बातमीहून दारुण. सौभाग्य आहे आणि संसार नाहीं, अशा स्थितींत चार वर्षांहून अधिक काळ त्यांनीं काढला. टिळकांस नवें जीवन लाभलें, असें आपण सहज म्हणून जातों. त्या नव्या जीवनाचें मोल दुसऱ्या कोणीतरी अश्रूंनीं चुकतें केलें, हें विसरतां कामा नये. अखेर त्या पतीकडे आल्या, पण सोंवळें सोडून नव्हे. स्वतःचें पाणी स्वतः भरावें, स्वतःचें अन्न निराळें शिजवावें, असा त्यांचा क्रम पुष्कळ दिवस चालला आणि टिळकांनीं तो चालूं दिला. पुढें एके दिवशीं, ही जात देवानें केली कीं माणसानें, असा प्रश्न त्यांनीं आपला आपणच मनाला विचारला, आपणच त्याचा निवाडा केला, आणि विटाळाची कल्पना कायमची टाकून दिली. हा धडा त्यांना कोण्या मिशनऱ्यानें पढविला नव्हता. १९०० सालीं त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला. हा सारा वृत्तान्त त्यांनीं 'स्मृतिचित्रें' या आपल्या आत्मचरित्रांत अशा निर्मळ विनोदानें सांगितला आहे कीं, वाचतांना हंसूं येतें आणि हंसतां हंसतां डोळे भरून येतात.

टिळकांचें पुढील बहुतेक आयुष्य ज्या अहमदनगरास गेलें, त्यास आज आपण अहिल्यानगर म्हणतों. अमेरिकन मिशनरी मुंबईस प्रथम आले ते १८१३ सालीं. १८३१ मध्यें त्यांनीं नगरास ठाणें घातलें, आणि १८४२ पासून 'ज्ञानोदय' पत्र सुरू केलें. टिळकांच्या वेळीं तेथील प्रमुख डॉ. रॉबर्ट ह्यूम हे होते. ते अमेरिकन खरे, पण त्यांचा जन्म मुंबईस भायखळ्याचा, १८४७ सालचा. त्यांनीं १८७८ सालीं काढलेल्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयांत टिळक शिकवूं लागले. विद्यार्थी बहुतेक महार आणि मांग जातींतून आलेले. ज्यांच्या सावलीचाहि विटाळ मानावा असें टिळकांना बालपणीं शिकविलें गेलें होतें, त्यांच्याच पंक्तीस ते आतां भाऊ म्हणून बसले. ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या माणसांच्या सहवासानें टिळकांना न्यू इंग्लंड जवळचें झालें असेल वा नसेल. परंतु वेशीबाहेरचा महारवाडा जवळचा झाला, यांत शंका नाहीं. परक्यांशीं जडलेल्या स्नेहानें घरचींच तुटलेलीं माणसें जोडून दिलीं.

हा झाला घेण्याचा भाग. आतां देण्याचा भाग पाहूं.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत त्या काळीं गाइलीं जाणारीं पुष्कळशीं गीतें इंग्रजीवरून उतरविलेलीं असत, व त्यांच्या चालीहि विलायती. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनीं देशी चालींचा मार्ग आधीं दाखविला होता. टिळकांनीं त्याचा राजमार्ग केला. ख्रिस्ताकडे आपण आलों ते तुकोबांच्या वाणीच्या पुलावरून आलों, असें ते उघड सांगत. पलीकडच्या तीरास पोंचल्यावर पूल मोडून टाकणारे पुष्कळ असतात. टिळक त्या पुलावरून जन्मभर ये-जा करीत राहिले. अभंग, ओवी, भजन, कीर्तन हीं सारीं आपल्या बापजाद्यांचीं साधनें त्यांनीं नव्या उपासनेंत आणलीं. 'अभंगांजलि' हें त्यांचें पुस्तक आणि मराठी ख्रिस्ती उपासनेच्या संगीतांतील त्यांच्या शेंकडों रचना ह्या त्याच भूमींतील पीक होत. टाळ-मृदंगाच्या साथीनें येशूचें नांव घेतलें जाऊं लागलें, तेव्हां खेड्यांतील ख्रिस्ती माणसाला देवळांत परक्यासारखें बसावें लागेनासें झालें.

याचा परिणाम केवळ देशी माणसांवरच झाला असता, तर त्यांत विशेष नव्हतें. तो परदेशी स्नेह्यांवरहि झाला. स्कॉटलंडहून आलेले डॉ. निकल मॅकनिकल यांनीं आपल्या संतांचा अभ्यास केला, व १९१९ सालीं मराठी संतांच्या १०८ पदांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. १०८ ही संख्या जपमाळेच्या मण्यांची, हें आपणांस निराळें सांगावयास नको. मॅकनिकल यांनीं टिळकांच्या एका गीताचें केलेलें रूपांतर इंग्रजी उपासनेच्या गीतसंग्रहांत गेलें, आणि नाशिक-नगरच्या कवीचे शब्द परदेशांतील देवळांत गाइले जाऊं लागले. ज्यांनीं आपलीं गीतें आणून आम्हांस गावयास लाविलीं, त्यांच्याच भाषाबंधूंनीं आमचें गीत गावें, ही परतफेड सामान्य नव्हे.

परंतु या स्नेहाची एक खडतर कसोटी अजून व्हावयाची होती. मिशनची व्यवस्था अशी कीं, पैसा परदेशांतून येई, पगार मिशनरी देत, आणि जो पगार देई त्याचाच शब्द अखेरचा ठरे. मिशनऱ्यानें मायबाप व्हावें आणि देशी ख्रिस्ती माणसानें लेंकरूं रहावें, अशी घडी बसून गेली होती. मायेपोटीं असो वा अधिकारापोटीं असो, ही घडी माणसाला वाढूं देत नाहीं. टिळकांना ती सहन होईना. तुम्ही आमचे आईबाप होऊं नका, भाऊ-बहीण व्हा, अशी त्यांची मागणी होती. आणि ती त्यांनीं गद्यांत व पद्यांत, प्रसंगीं फार तिखट शब्दांत मांडली. दोरी एकाच्या हातीं व नाचणारा दुसरा, अशा संबंधास देवाचें राज्य म्हणतां येत नाहीं, असा त्यांचा रोख होता. हें लिहिणारा मनुष्य त्याच मिशनच्या अन्नावर जगत होता, आणि १९१२ पासून 'ज्ञानोदया'ची मराठी बाजू संपादीत होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्याच्या धैर्याची कल्पना येते.

१९१७ सालीं, वयाच्या छपन्नाव्या वर्षीं, टिळकांनीं मिशनचा पगार सोडला. संसारी मनुष्यानें उतारवयांत निश्चित प्राप्तीवर पाणी सोडणें ही घरादाराला कांपरें भरविणारी गोष्ट होय. आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्यास ती दुसऱ्यांदां आली. सातारा येथें राहून त्यांनीं संन्यस्त वृत्तीनें 'देवाचा दरबार' उभारण्याचा उपक्रम केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्तावर प्रेम करणारे सर्वजण त्या दरबारांत भाऊ म्हणून यावेत, अशी कल्पना होती. मात्र मिशनचा पगार सोडला म्हणून मिशनऱ्यांचा स्नेह त्यांनीं सोडला नाहीं. 'ज्ञानोदया'चें काम अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिलें. धनी आणि चाकर हा संबंध तुटल्यावर मित्र आणि मित्र हा संबंध तेवढा शिल्लक उरला, आणि तोच त्यांना हवा होता. दुर्दैवानें दोन वर्षेंहि पुरतीं लोटलीं नाहींत तोंच, ९ मे १९१९ रोजीं, मुंबईस त्यांचें देहावसान झालें. दरबार संस्थारूपानें मागें टिकला नाहीं.

मग टिळकांच्या आयुष्याचें फलित काय, असा प्रश्न साहजिक उद्भवतो. त्याचें उत्तर त्यांच्या मृत्यूनंतरच्या पंधरा वर्षांत शोधावें लागतें.

जॅक विन्स्लो नांवाचे एक इंग्रज मिशनरी नगर भागांत काम करीत होते. टिळकांचें पहिलें विस्तृत इंग्रजी चरित्र त्यांनीं १९२३ सालीं लिहिलें. त्याच्या आदल्या वर्षीं, १९२२ मध्यें, त्यांनीं नगरास 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला होता. इंग्रज आणि हिंदी बंधूंनीं एका छपराखालीं रहावें, जमिनीवर बसून एकच देशी अन्न खावें, खादी वापरावी आणि उच्चनीच भाव न ठेवतां प्रार्थना व सेवा करावी, असा त्या संघाचा नियम. राज्यकर्त्या जातीच्या माणसानें असें रहाणें ही त्या काळीं साधी गोष्ट नव्हती. संघ पुढें पुण्यास आला. १९२७ सालीं तेथें येऊन दाखल झालेले व्हेरिअर एल्विन पुढें संघांतील आपले मराठी स्नेही शामराव हिवाळे यांच्यासह मध्य प्रांतांतील गोंडांमध्यें जाऊन राहिले, व कालांतरानें त्यांनीं चर्चचा संबंधहि सोडला. स्नेहाची वाट माणसाला कोठें घेऊन जाईल, हें आधीं सांगतां येत नाहीं, तें असें. आगगाडींतील प्रवाशाच्या सहवासानें एक हिंदु ख्रिस्ती झाला. आश्रमांतील सहवासानें एक ऑक्सफर्डचा पाद्री जन्माचा हिंदी झाला.

आणि टिळकांचे जुने स्नेही डॉ. ॲबट? सुमारें तीस वर्षें मुंबईस काम करून ते १९१० सालीं अमेरिकेंत परत गेले आणि न्यू जर्सींतील समिट या गांवीं राहिले. निवृत्त मिशनऱ्यानें लेखणी उचलली तर तो आपल्या कार्याच्या आठवणी लिहील, अशी सामान्यतः अपेक्षा असते. ॲबट यांनीं उतारवय वेंचलें तें महीपतिबोवा ताहराबादकरांच्या सेवेंत. १९२६ पासून महाराष्ट्राच्या संतकवींवरील त्यांची इंग्रजी ग्रंथमाला प्रसिद्ध होऊं लागली. भानुदास, एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम, रामदास अशीं एकामागून एक चरित्रें व काव्यें त्यांनीं इंग्रजींत आणलीं. या कामीं पंडित नरहर गोडबोले यांचें त्यांना साहाय्य होतें. बहिणाबाईंच्या रचनेचा तर त्यांनीं भाषांतराबरोबर मूळ मराठी पाठहि छापला. १९३२ सालीं, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, ॲबट वारले, तेव्हां महीपतीचें काम अपुरें होतें. तें गोडबोले आणि इंग्रज मिशनरी जे. एफ. एडवर्ड्स यांनीं पुरें केलें. उपदेश करण्यासाठीं आलेला मनुष्य श्रोता होऊन परत गेला, आणि ऐकलेलें आपल्या लोकांना सांगत सांगत गेला.

लक्ष्मीबाईंनींहि असेंच एक अपुरें काम पुरें केलें. टिळकांनीं येशूचें चरित्र ओवीबद्ध करावयास घेतलें होतें. त्या 'ख्रिस्तायना'चे दहा-अकरा अध्याय होतात न होतात तोंच ते गेले. ज्या बाईला रीतसर शाळा अशी कधीं लाभली नव्हती, तिनें त्याला चौसष्ट अध्यायांची जोड दिली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या वारल्या. अखेरचा अध्याय पुत्र देवदत्त यांनीं लिहिला, आणि १९३८ सालीं तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या धर्मानें आपला संसार एकदां मोडला, त्याच धर्माच्या संस्थापकाचें चरित्र ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवींत गाणारी ही स्त्री पाहिली, म्हणजे येथें आपलें कोणतें आणि परकें कोणतें, हें वेगळें काढून दाखविणें कठीण होतें.

हा इतिहास आजच्या घरांत बसून ऐकतांना, धर्मांतर बरें कीं वाईट, या वादांत शिरण्याचें मला प्रयोजन वाटत नाहीं. त्यावर ज्याचें त्याचें मत असावें. मला एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, टिळक, लक्ष्मीबाई, ॲबट, मॅकनिकल, विन्स्लो हीं माणसें परस्परांस भेटल्यानंतर पूर्वींचीं राहिलीं नाहींत. आणि तरीहि त्यांच्यापैकीं कोणाचें मूळ उपटलें गेलें नाहीं. टिळक अधिक मराठी झाले. ॲबट आपल्या श्रद्धेपासून ढळले नाहींत, पण तुकोबांवांचून त्यांना चालेनासें झालें. दुसऱ्याच्या दाराशीं आपण शिकवावयास जातों कीं बसावयास जातों, यावर पुष्कळसें अवलंबून असतें.

राजनांदगांवच्या वाटेवरील त्या प्रवाशाचें भाकित खरें ठरलें. दोन वर्षांचा त्याचा हिशेबहि चुकला नाहीं. परंतु आपण ज्याला पुस्तक दिलें त्या माणसाचीं गीतें एक दिवस इंग्रजी भाषेंत गाइलीं जातील, आणि त्याच्याच मित्रांपैकीं एक अमेरिकन आपलें म्हातारपण पंढरीच्या संतांच्या संगतींत घालवील, हें मात्र त्याला त्या डब्यांत बसून सांगतां आलें नसतें.